संगणक-शीतकरण

संगणकाचा प्रोसेसर, ग्राफिक्स चिप आणि वीजपुरवठा विभाग यांत तयार होणारी उष्णता बाहेर काढण्याच्या तंत्राला संगणक-शीतकरण म्हणतात. चिप जेवढी वीज खाते तेवढी जवळजवळ सगळी उष्णताच होते, आणि ती शेवटी भोवतालच्या हवेतच सोडावी लागते. बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते; तिथे पोचताच चिप आपला वेग उतरवते. खोलीत २५ अंश असतील तर मधले अंतर ७५ अंशांचे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, टिनाच्या छपराखाली ४५ अंश झाले की उरतात ५५. उष्णता या अंतराच्याच प्रमाणात वाहते, म्हणून पंखा तोच असूनही क्षमता पाऊण भागावर येते. वर्धा-चंद्रपूरकडच्या सेवा केंद्रांवर भर दुपारी सातबारा काढताना संगणक रेंगाळतो, त्यामागे हेही एक कारण असू शकते.

त्यात कापूस. जिनिंगच्या हंगामात हवेत तरंगणारी रुई पंखा आत ओढतो आणि हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर राखाडी थर बसतो. तो ब्लोअरने पुरता निघत नाही. पंखा खोलून, नखाने धरून सोलावा लागतो.

आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हीट पाइप असतो. कमी दाबाच्या बंद तांब्याच्या नळीत थोडे पाणी असते. ते चिपपाशी वाफ होते, दुसऱ्या टोकाला निवते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. माठातले पाणी उडून जाते, इथे तेच पाणी वर्षानुवर्षे फिरते. व्हेपर चेंबर हे त्याचेच चपटे रूप. काही डेटा सेंटरमध्ये अख्खे सर्व्हर वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवतात. फ्रोर सिस्टिम्स या कंपनीने २०२२ मध्ये आणलेल्या एअरजेट या शीतकरण-चिपमध्ये पंखाच नाही. सूक्ष्म पडदे कंप पावून हवा ढकलतात. त्यांचा दाब जास्त असल्याने धूळ अडवणारी बारीक जाळी लावता येते, आणि रुईच्या मुलखात हा गुण मोठा आहे. तूर्त मात्र कमी विजेवर चालणारा, बिनपंख्याचा मिनी पीसीच गावासाठी सर्वांत शहाणपणाचा.

यांतले काहीही चिपला खोलीपेक्षा थंड करत नाही. खोली थंड करतो तो कूलर: मेच्या कोरड्या हवेत ओल्या ताट्यांमुळे तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरते. संगणक त्याच्या थेट झोतात ठेवू नये, कारण तुषारांतले क्षार बोर्डावर बसतात. वीज गेली की संगणक इन्व्हर्टरवर चालत राहतो, कूलर मात्र बहुधा थांबतो. म्हणून जड काम सकाळीच उरकून घेतात.