नशा उतरली तरी मेंदू ओलाच

इन्स्टावर सध्या एक दावा सारखा फिरतोय, कोल्हापूरच्या पोरांच्या ग्रुपवर पण येतोय, की मॅजिक मशरूमची (त्यातलं नशेचं द्रव्य सायलोसायबिन) एक ट्रिप म्हणजे दहा वर्षांची थेरपी, मनातली जुनी जखम एका रात्रीत साफ, आणि अमेरिकेत तर आता हे औषध म्हणून मंजूरच झालंय. मंजूर झालेलं नाही. त्याच्याच जोडीने चर्चेत असलेलं दुसरं नशेचं औषध म्हणजे एमडीएमए (पार्ट्यांमधली एक्स्टसी), ते पीटीएसडीसाठी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजारासाठी वापरायचा अर्जही एफडीए या अमेरिकेच्या औषध मंजूर करणाऱ्या संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये परत पाठवला, अजून एक मोठी चाचणी करून या म्हणाले. ऑस्ट्रेलियात या दोन्हींना 1 जुलै 2023 पासून परवानगी आहे, पण ती खास मान्यता घेतलेल्या मानसोपचारतज्ञांनाच आणि ठराविक आजारांसाठीच. आपल्याकडे एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली सरळ गुन्हा आहे.

पण माझा खरा मुद्दा कायद्याचा नाही. ज्या चाचणीचे आकडे रीलवाले सांगतात ती नीट वाचा. 2021 ची एमडीएमएची चाचणी, 90 माणसं, सगळ्यांना जुना आणि तीव्र पीटीएसडी. एमडीएमए घेतलेल्यांपैकी 67 टक्के लोक शेवटी आजाराच्या निकषातून बाहेर आले, खोटं औषध घेतलेल्यांपैकी 32 टक्के. हे कुणीही सांगतं. कुणी सांगत नाही ते हे, की औषधाची सत्रं फक्त 3 होती, आणि त्याआधी तयारीच्या 3 बैठका, नंतर प्रत्येक सत्रामागे 3 अशा 9 बैठका, प्रत्येक दीड तासाची. खोट्या औषधवाल्यांना पण हे सगळं मिळालं होतं बरं का. म्हणजे 12 बैठका नुसत्या आधीच्या आणि नंतरच्या. हे एवढं कशाला? याचं उत्तर उंदरांच्या मेंदूत सापडायला लागलंय आणि मला हा भाग प्रचंड आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लहान वयात मेंदूचे काही दरवाजे ठराविक काळच उघडे असतात, त्याला क्रिटिकल पिरियड म्हणतात. बदकाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर सुरवातीच्या काही तासांत जे हलताना दिसेल त्याला आई मानतं, नंतर नाही. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शाडूचं काम बघितलं असेल तर लगेच कळेल, माती ओली आहे तोवर बोट टेकलं तरी ठसा उठतो, वाळली की नाही.

गुल डोलेन या शास्त्रज्ञ बाईंच्या टीमने उंदरांना 24 तास एका प्रकारच्या भुश्यावर सोबत्यांबरोबर ठेवलं, मग 24 तास दुसऱ्या भुश्यावर एकटं, आणि नंतर तुझं तू निवड म्हणून सोडलं. वयात येणारे उंदीर सोबत मिळाली होती त्या भुश्याकडे जातात. मोठ्या उंदरांना काही फरक पडत नाही, ती शिकायची वेळ निघून गेलेली असते. 2019 मध्ये त्यांनी दाखवलं की मोठ्या उंदराला एमडीएमए दिलं की ही वेळ परत सुरू होते. यात मेंदूच्या न्यूक्लियस अॅकम्बन्स भागात, म्हणजे बक्षिसाची गोडी लावणाऱ्या भागात, ऑक्सिटोसिन या जवळीक निर्माण करणाऱ्या संप्रेरकाचं काम असतं. ऑक्सिटोसिन आलं की तिथले सिनॅप्स, म्हणजे मेंदूच्या पेशींमधले सांधे, आपली ताकद कमी करून घेतात, ही क्षमता वयाबरोबर मावळते आणि औषधाने परत येते. याला मेटाप्लास्टिसिटी म्हणतात, म्हणजे सिनॅप्स बदलला असं नाही, सिनॅप्सची बदलायची तयारी बदलली. कोकेनने हे होत नाही.

2023 च्या पुढच्या पेपरात तर अजून भारी गोष्ट आहे. त्यात नशा आणणारी इतर औषधंही तपासली. केटामाइनने (भूल द्यायचं औषध) ही वेळ साधारण 48 तास उघडी राहिली, सायलोसायबिन आणि एमडीएमएने 2 आठवडे, एलएसडीने 3, आयबोगेन या झाडापासून मिळणाऱ्या द्रव्याने 4. माणसात ज्याची नशा जास्त टिकते त्याची उंदरातली वेळही जास्त. एलएसडी आणि सायलोसायबिनला त्यासाठी सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा 5-एचटी2ए रिसेप्टर (पेशीवरची त्या रसायनाची जोडायची जागा) लागतो, एमडीएमए आणि केटामाइनला लागत नाही, तरी शेवटी सगळे एकाच ठिकाणी पोचतात, पेशींच्या बाहेरची जी जाळी असते, एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स, तिच्याशी संबंधित जनुकांच्या कामात बदल होतो. औषध तर एकदोन दिवसात शरीरातून गेलेलं असतं!

आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं, 2019 च्याच प्रयोगातलं. उंदराला एकटं ठेवून एमडीएमए दिलं तर ही वेळ उघडलीच नाही. सोबती असतील तरच.

उंदरावरून माणसावर थेट उडी मारायची नाही, माणसात हे अजून सिद्ध व्हायचंय. पण ज्यांना आधीच मोठा आघात झालाय त्यांच्या बाबतीत विचार करा. 2019 च्या महापुरानंतर चिखली-शिरोळकडच्या एखाद्या माणसाला पत्र्यावर पाऊस वाजला की अजूनही छातीत धडधडत असेल, तर त्याच्या शरीराने एक धडा पक्का शिकलाय, की धोका आलाय आणि आपल्या हातात काही नाही. आता ट्रिपमध्ये नेमकं तेच होतं, ताबा सुटतो. सोबत कुणी भरवशाचं नसेल तर तोच धडा दुसऱ्यांदा शिकला जाऊ शकतो, तोही माती ओली असताना.

म्हणून आधीच्या बैठकांमध्ये घरात कुणाला सायकोसिस (भास-भ्रमाचा आजार) किंवा बायपोलर (मूड टोकाचा वरखाली होण्याचा आजार) आहे का, हृदयाचा त्रास, चालू गोळ्या हे विचारतात (असं काही असेल तर बऱ्याचदा औषध देतच नाहीत), आणि स्पर्शाचे नियम शुद्धीत असतानाच ठरवतात. हात धरलेला चालेल का, खांद्यावर ठेवलेला चालेल का, थांब म्हणजे थांब. ट्रिपमध्ये माणसाने स्वतःहून जास्त मागितलं तरी ठरल्यापलीकडे जायचं नाही, कारण तेव्हाची संमती ही संमती नसते. हे नियम मोडलेत आणि त्यात लोकांचं नुकसान झालंय, एका चाचणी केंद्रावरच्या अनैतिक वागणुकीमुळे 2024 मध्ये तीन शोधनिबंध मागे घ्यावे लागले.

नंतरच्या बैठकांत घाई नसते. अर्थ लावून द्यायचा नाही, माणूस बोलेल तेवढंच ऐकायचं. एलएसडीखाली माणूस दुसऱ्याचं सुचवलेलं जास्त पटकन स्वीकारतो हे 2015 मध्ये मोजलं गेलंय, त्यामुळे ट्रिपमध्ये जे दिसलं ते खरंच घडलेलं असेल असं धरून चालत नाहीत. लग्न, नोकरी, घर सोडणं असे निर्णय काही आठवडे पुढे ढकलतात.

आणि इथेच मला बुवाबाजीची भीती वाटते. ओल्या मेंदूच्या माणसाला गुरू मिळाला तर तो गुरूचा होऊन जातो. तुझ्यावर कुणीतरी केलंय, पूर्वजन्माचं दिसलं, असं सांगणारा भगत असो की हजारो रुपये घेऊन जंगलात रिट्रीट भरवणारा इंग्लिश बोलणारा हीलर, दोघं सारखेच घातक आहेत.

गोव्याहून परत आलेलं एखादं पोरगं भेदरलेलं असेल, झोपत नसेल, तर त्याला मारू नका, अंगारा लावायला नेऊ नका. शांत खोली, मंद उजेड, ओळखीचं एक माणूस शेजारी, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, काय घेतलंस ते फक्त डॉक्टरांना सांगण्यापुरतं विचारायचं. ताप चढतोय, अंग कडक होतंय, फिट येतेय, किंवा जिवाचं बरंवाईट करायची भाषा असेल तर सरळ कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलला किंवा जवळच्या दवाखान्यात. बाकी काही दिवस अस्वस्थपणा राहिला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.