घसरण्यासाठीच बनवलेला पट्टा

"इंजिन म्हातारं झालंय हो, आता जास्त हॉर्सपॉवरचं घेतो," असं आमचे शेजारी गेल्या जानेवारीत म्हणाले. त्यांचा स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून वाट मोकळी करणारं यंत्र, ड्राइव्हवेच्या (घरापासून रस्त्यापर्यंतच्या गाडीवाटेच्या) तोंडाशी उभा राहून नुसता किंचाळत होता. बर्फ उडायच्या ऐवजी नळीतून पेजेसारखा गळत होता आणि हवेत जळक्या रबराचा वास भरला होता. कॅनडातल्या टोरांटोच्या आसपास राहणाऱ्यांना ही जागा चांगली ठाऊक असते. नगरपालिकेचा प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलणारी गाडी, रस्ता साफ करत जातो आणि जाता जाता प्रत्येकाच्या दाराशी मीठमिश्रित, घट्ट बर्फाचा बांध घालून जातो.

पण दमलेल्या इंजिनाचा आवाज खाली बसतो. हे तर चढ्या सुरात ओरडत होतं. म्हणजे जोर होता, तो पुढे पोचत नव्हता. मधला दलाल घसरत होता, आणि तो दलाल म्हणजे साधा रबरी पट्टा.

आधी यंत्राची ओळख. पुढे ऑगर नावाचे स्क्रूसारखे पाते हळूहळू फिरत बर्फ मध्यभागी ओढते. तिथे इम्पेलर, म्हणजे वेगाने फिरणारा पंखा, तो बर्फ नळीतून बाहेर भिरकावतो. फिरत्या चक्राने बर्फ हटवायची कल्पना जुनी आहे. टोरांटोच्याच जे. डब्ल्यू. एलियट या दंतवैद्याने ती 1869 मध्ये रेल्वेसाठी मांडली होती. रस्त्यावरचे यंत्र मात्र क्वेबेकच्या आर्थर सिकारने 1925 मध्ये बांधले, आणि त्याला ते सुचले शेतातल्या मळणी यंत्रावरून. हाताने ढकलायची घरगुती यंत्रे नंतर आली.

घरगुती यंत्राचे इंजिन मिनिटाला साधारण 3600 फेरे मारते. ऑगर आणि चाके दोन्ही एकाच इंजिनावर चालतात, पण बहुधा दोन वेगवेगळ्या पट्ट्यांनी. गंमत अशी की इंजिन चालू असताना हे पट्टे सैल लोंबत असतात. आपण हँडलवरची मूठ दाबली की आयडलर नावाची एक छोटी पुली पट्ट्यावर रेलते, पट्टा ताणला जातो आणि फिरू लागतो. म्हणजे पट्टा हाच क्लच! गाडीत ज्यासाठी वेगळ्या तबकड्या बसवतात, ते काम इथे एक लोंबता पट्टा करतो. दर वेळी मूठ दाबताना तो थोडा घसरतो, मग पकडतो. घसरणे हा त्याचा दोष नाही, अर्धी नोकरी आहे.

आता माझा आवडता भाग. गणित नको असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडून जावे, मी रागावणार नाही.

भाऊच्या धक्क्यावर लाँच लागताना पाहिली असेल. खलाशी दोर खुंट्याभोवती दोन-तीन वेढे घालतो आणि अख्खी लाँच एका हाताने धरून ठेवतो. दोर जितका जास्त कोन गुंडाळावा तितकी पकड वाढते, पण बेरजेने नव्हे, गुणाकाराने. प्रत्येक वेढा आधीच्या पकडीला तेवढ्याच पटीने गुणतो. ऑयलरने अठराव्या शतकात हे सूत्रात बसवले: घट्ट बाजूचा (लाँचकडचा) ताण भागिले सैल बाजूचा (हाताकडचा) ताण, याची कमाल म्हणजे e या आकड्याचा (सुमारे 2.718) घात, आणि घातांक म्हणजे घर्षणांक (पृष्ठभाग किती पकड देतो त्याचा आकडा) गुणिले गुंडाळीचा कोन. पट्टा पुलीला अर्धा वेढा घालतो आणि घर्षणांक 0.3 आहे असे धरा. सपाट पट्ट्यासाठी उत्तर येते सुमारे 2.6. म्हणजे सैल बाजूला 1 किलोचा ताण असेल तर घट्ट बाजू जेमतेम 2.6 किलो ओढू शकते. त्यापुढे घसरगुंडी.

पण स्नो ब्लोअरचा पट्टा सपाट नसतो. त्याचा छेद खाली निमुळता असतो आणि तो पुलीच्या तशाच खाचेत बसतो. म्हणून तो व्ही-बेल्ट. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकतात तेव्हा वरून लहान घाव घातला तरी बाजूंना प्रचंड दाब येतो, तसेच इथे होते. पट्टा आत ओढला जातो आणि खाचेच्या दोन्ही भिंतींवर रुततो. खाचेचा कोन 38 अंश असेल तर त्याच्या निम्म्याची, म्हणजे 19 अंशांची ज्या (साइन) 0.326 येते, आणि घर्षणांकाला तिने भागायचे. 0.3 चा झाला 0.92. घर्षण जेमतेम तिप्पट झाले, पण ते घातांकात बसले आहे! उत्तर 2.6 वरून उडी मारते थेट 18 वर. सहा हॉर्सपॉवरच्या इंजिनावर साडेसात सेंटिमीटरची पुली असेल, तर पट्ट्याला सुमारे 32 किलोची निव्वळ ओढ, म्हणजे दोन बाजूंच्या ताणांतला फरक, द्यावी लागते. सपाट पट्ट्याची सैल बाजू त्यासाठी किमान 20 किलोने ताणून धरावी लागेल. व्ही-बेल्टला कागदावर 2 किलो पुरतात. ओलावा आणि झीज यांची तरतूद म्हणून प्रत्यक्षात बरेच जास्त ठेवतात, तरी हातमोजा घातलेल्या एका मुठीने हे सगळे जमते ते या पाचरीमुळे.

आता शेजाऱ्यांच्या पट्ट्याचे निदान सोपे आहे. वर्षानुवर्षे घसरून पट्ट्याच्या कडा झिजतात, तो अरुंद होतो आणि खाचेत खोल बसू लागतो. एके दिवशी त्याचा तळ पुलीच्या तळाला टेकतो. त्या क्षणी पाचर संपली, तुमचा व्ही-बेल्ट सपाट पट्टा झाला, आणि 18 चे पुन्हा 2.6 च्या दिशेने घरंगळणे सुरू. हवेचा अडथळा सोडला तर फेक वेगाच्या वर्गानुसार बदलते, त्यामुळे पट्टा 20 टक्के घसरला की बर्फ 36 टक्के अलीकडे पडतो. मोठे इंजिन आणले असते तर हा पट्टा फक्त लवकर जळला असता. जाहिरातीत मात्र हॉर्सपॉवरचा आकडा ठळक असतो. पट्ट्याची जाहिरात कोण करणार?

आमच्याकडची मराठी मंडळी खंडेनवमीला स्नो ब्लोअरचीही पूजा करतात, हळदीकुंकू, झेंडूचे फूल, सगळे यथासांग. फुलाला माझी हरकत नाही. पण हातात फूल आहेच तर दोन स्क्रू काढून पट्ट्याचे कव्हरही उघडा की! ऑक्टोबरातच बघून घेतलेले बरे. पट्ट्याच्या कडा आरशासारख्या चकाकत असतील, तर देव पावला तरी पट्टा पकडणार नाही.

आम्ही कव्हर उघडले. तळ घासून गुळगुळीत झालेला होता. शेजारी म्हणाले, गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून त्याच मापाचा पट्टा आणतो. तिथेही एक खोच आहे. गाडीचा पट्टा सतत ताणात राहण्यासाठी बनवलेला असतो. क्लचसारख्या वापराच्या पट्ट्यावर कापडाचे वेष्टण असते, म्हणजे तो धक्का न देता घसरतो, आणि आत बहुधा केव्हलारसारख्या, न ताणणाऱ्या धाग्यांच्या दोऱ्या असतात. माप तेच असले तरी जात वेगळी. शेवटी यंत्राच्या पुस्तिकेतला भाग क्रमांक पाहूनच मागवला.

एक गोष्ट मी त्यांना नवा पट्टा चढवायच्या आधीच सांगितली. इम्पेलर बर्फाने अडकला असेल तर इंजिन बंद केल्यावरही ताणलेल्या भागांत थोडा जोर साठून राहू शकतो. बोटाने बर्फाचा गोळा सुटला की पाते अचानक सरकते, आणि बोटाला तेवढे सरकणे पुरते. म्हणून इंजिन बंद करायचे, मूठ सोडायची, जरा थांबायचे आणि नळी काठीनेच मोकळी करायची. त्यांच्या यंत्रावर प्लास्टिकची काठी कंपनीनेच अडकवून दिली होती. सात वर्षांत तिचे वेष्टणसुद्धा निघाले नव्हते.