चाळीतील खोली (जागा आणि वेळेचा वापर)

मुंबईच्या गिरणगावातील कामगार कुटुंबांची एका खोलीत राहण्याची रीत. खोली एकच असल्याने ती स्वयंपाकघर कधी, बैठक कधी आणि निजायची जागा कधी, हे घड्याळावर ठरते.

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. मोरी, ओटा आणि कपाटात साधारण ३० चौरस फूट जातात. आडव्या माणसाला ६ बाय २ फूट लागतात, म्हणजे सात जणांना ८४ चौरस फूट. कागदावर हिशेब बसतो. रात्री मोरीकडे जायला मात्र वाट उरत नाही. म्हणून लोखंडी खाट: एक जण वर, एक खाली. खालच्याने डोके बाहेरच्या अंगाला ठेवायचे, नाहीतर उठताना कपाळ आपटलेच. गॅलरीच्या चाळींत पुरुष वळकटी घेऊन बाहेर गॅलरीत झोपत. बीडीडीत गॅलरी नाही, मधला बोळ आहे.

सकाळ नळाच्या हातात. पाणी सुटण्याआधी मोरीलगतची अंथरुणे उचलून खाटेवर रचतात, कारण भिजलेली गोधडी वाळत घालायला जागा नसते. पहिले गढूळ पाणी धुण्याच्या बादलीत, मग फडक्याने गाळून पिण्याचा हंडा, शेवटी पिंप. २०० लिटरचे पिंप भरल्यावर जागचे हलत नाही. ते मोरीच्या काठाशीच हवे.

खरी कसरत पाळ्यांची. गिरण्या तीन पाळ्यांत चालत. रात्रपाळीचा माणूस सकाळी परतून खाटेवर, साडीच्या पडद्याआड झोपे. तेव्हा तांदूळ निवडणे दारात आणि पोरे जिन्यात. दोन भावांच्या पाळ्या वेगळ्या असल्या की एकच अंथरूण दोघांना पुरे. पाळी बदलली की आठवडाभर घरच्या बाईचेच वेळापत्रक कोलमडे. सगळ्यांच्या आधी उठणारी आणि शेवटी जेवणारी तीच. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हा क्रम मोडला आणि भर दिवसा सगळेच घरात दिसू लागले.

जागा वाढवायचा नेहमीचा उपाय म्हणजे पोटमाळा. त्याची चूक एकच: तो खिडकीच्या बाजूला घातला, तर हवा अडते आणि ओट्यावरचा धूर वर झोपलेल्याच्या नाकात जातो. दारावर घातलेला बरा. आजारपण आले की मात्र कुठलाच उपाय पुरत नाही.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर आणि आतच संडास मिळतो. पण दार लावून घेतल्यावर शेजारणीकडे किल्ली आणि पोर सोपवून कामाला जाण्याची सोय नव्याने बसवावी लागते.