केस कोणी पेरायचे? पुरुषांच्या टकलावरच्या उपचारांची पार्श्वभूमी

केस लावून घ्यायला आलेला माणूस टेबलावर आधी पालथा झोपतो. डोक्याच्या मागच्या भागातले केस मशीनने अगदी बारीक केलेले असतात. तिथे भुलीच्या सुया देतात. दुखतं ते मुख्यतः या सुयांनीच, पुढचं फारसं जाणवत नाही. मग एक पोकळ, फिरणारं टोक, ज्याला सगळे ‘पंच’ म्हणतात, एकेका मुळाभोवती गोल छेद घेत जातं. त्याचा व्यास साधारण ०.८ ते १ मिलिमीटर. छेद घेतलेलं मूळ चिमट्याने अलगद ओढायचं आणि गार सलाइनच्या बशीत ठेवायचं. बशीत मुळांच्या रांगा लावतात, म्हणजे मोजायला सोपं जातं. दुपारी जेवणाची सुट्टी होते. मग माणूस उताणा होतो, पुढच्या उघड्या भागावर बारीक चिरा पाडतात आणि बशीतली मुळं एकेक करून त्या चिरांत बसवतात. सकाळी सुरू झालेलं काम संपेपर्यंत संध्याकाळ होते.

या सात-आठ तासांत सुई कोणी टोचली, पंच कोणी चालवला आणि चिरा कोणी पाडल्या, यावरून आपल्याकडे गेली काही वर्षं वाद चालू आहे. पंचविशीतला मुलगा चौकशीला जातो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, “एका ग्राफ्टचे किती?” ग्राफ्ट म्हणजे असं काढून लावलेलं एकेक मूळ. त्याच्या आधी विचारायला हवा असा दुसरा प्रश्न आहे, “हे सगळं करणार कोण?”, आणि तो त्याला कोणी सांगितलेला नसतो.

फार मागे जायची गरज नाही. आयुर्वेदात टकलाला ‘खालित्य’ आणि चाईला, म्हणजे चट्ट्याचट्ट्यांनी केस जाण्याला, ‘इंद्रलुप्त’ असे शब्द आहेत, आणि खालित्यात केस क्रमाक्रमाने जातात हा फरक वाग्भटाने नोंदवलेला आहे. आज आपण ताप येऊन गेल्यावर तीन महिन्यांनी भराभर जाणारे केस, विंचरताना मधूनच तुटणारे केस आणि कपाळाच्या कोपऱ्यांतून वर्षानुवर्षं मागे सरकणारी केसांची रेषा, या तिन्हींना ‘केस गळतात’ म्हणतो. उपचारातला अर्धा गोंधळ या एका शब्दामुळे होतो. पुरुषी टकलात केस गळण्यापेक्षा बारीक होणं महत्त्वाचं असतं: प्रत्येक फेऱ्यात मूळ थोडं आक्रसतं, नवा येणारा केस आधीच्यापेक्षा पातळ आणि आखूड येतो, आणि शेवटी उरते ती नुसती लव. उशीवरचे केस मोजून यातलं काहीच कळत नाही. दिवसाला ५० ते १०० केस कोणाचेही जातात.

आपल्याकडे घेरा, शेंडी आणि वर पागोटं किंवा टोपी होती तोवर टक्कल चारचौघांत दिसतच नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं. डोकं उघडं ठेवायची पद्धत आली, ‘क्रॉप’ आला, लग्नासाठी फोटो पाठवायची रीत आली, आणि मग ही काळजी घराघरांत शिरली.

शास्त्रीय बाजूने पहिला पक्का टप्पा १९४२ चा. वयात येण्याआधी वृषण काढलेल्या किंवा निकामी झालेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जायला लागतात, हे त्या वर्षी एका अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. हार्मोन हवं आणि वारसाही हवा. हेल्मेट, क्षाराचं पाणी, रात्रीची जागरणं यांच्यावर आपण जे खापर फोडतो, त्याला या हिशेबात फारशी जागा नाही. ‘आजोळकडून येतं’ या समजुतीत मात्र थोडं तथ्य आहे, कारण या हार्मोनचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला ते आईकडून मिळतं. पण बाकीचे अनेक जनुक वडिलांकडूनही येतात. टकलाच्या सात पायऱ्यांचं जे चित्र आज प्रत्येक क्लिनिकच्या भिंतीवर असतं, ते १९७५ मध्ये सध्याच्या रूपात आलं.

औषधांची गोष्ट त्याच दशकात सुरू होते. दोन्ही मुख्य औषधं दुसऱ्याच कामासाठी निघाली. मिनॉक्सिडिल ही वाढलेल्या रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस वाढायला लागले आणि त्यातून डोक्याला लावायचं २ टक्क्यांचं द्रावण तयार झालं. अमेरिकेत पुरुषांसाठी त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. फिनास्टेराइडची मुळं डोमिनिकन रिपब्लिकमधल्या एका खेड्यात सापडतात. तिथल्या काही कुटुंबांत एका एन्झाइमच्या उणिवेमुळे टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी या जास्त जोरकस हार्मोनात रूपांतर नीट होत नसे. जन्मताना मुली वाटलेली ही मुलं वयात येताना पुरुष होत. १९७४ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट लहानच राहते आणि त्यांना टक्कल पडत नाही, हे लक्षात आल्यावर त्या एन्झाइमला अडवणारं औषध शोधलं गेलं. ५ मिलिग्रॅमची गोळी १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी आली, १ मिलिग्रॅमची १९९७ च्या अखेरीस टकलासाठी.

या गोळीबद्दल मुलं दबक्या आवाजात एकच प्रश्न विचारतात. सुरुवातीच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्क्यांना आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्क्यांना झाल्या होत्या. फरक लहान आहे, पण आहे. गोळी थांबवल्यावरही काहींच्या तक्रारी राहिल्याची नोंद अमेरिकेतल्या माहितीपत्रकात २०१२ मध्ये आली, आणि २०२५ मध्ये युरोपातल्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. ही गोळी ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणू नये, असं मी ठामपणे सांगेन. ज्याला आधी नैराश्य येऊन गेलंय त्याने ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. आणि मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिले काही आठवडे केस जास्त जातात, त्याला घाबरून अनेक जण महिन्याभरात बाटली फेकून देतात. जुने केस नव्यांना जागा करून देत असतात. निकाल बघायला निदान चार ते सहा महिने लागतात. दोन्ही औषधं थांबवली की मिळालेलं हळूहळू परत जातं.

आता मूळ मुद्दा.

केसांच्या मुळांचं रोपण १९३९ मध्ये जपानमध्ये वर्णन केलं गेलं, पण युद्धाच्या धामधुमीत ते बाहेर पोचलं नाही. टकलासाठी ते १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका त्वचारोगतज्ज्ञाने केलं. मागच्या बाजूचे केस पुढे लावले तरी ते आपल्या मूळ जागेच्या स्वभावानेच वाढतात, झडत नाहीत, हे त्या त्वचारोगतज्ज्ञाने दाखवलं. सगळं केशरोपण आजही या एका निरीक्षणावर उभं आहे. तेव्हाचे पंच ४ मिलिमीटरचे होते. त्यामुळे बाहुलीच्या डोक्यावर असतात तसे केसांचे झुबके दिसत. पुढे मागच्या त्वचेची एक अख्खी पट्टी कापून, जखम शिवून, पट्टीतली मुळं सूक्ष्मदर्शकाखाली सुटी करायची पद्धत आली. २००२ च्या सुमारास एकेक मूळ थेट काढायची पद्धत प्रसिद्ध झाली. हीच ‘फॉलिक्युलर युनिट एक्स्ट्रॅक्शन’, म्हणजे एफयूई.

पट्टीच्या पद्धतीत कातडी कापली जात होती, टाके पडत होते, त्यामुळे ती शस्त्रक्रिया आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. एफयूईत टाका नाही. ‘ना कट, ना टाका’ अशा जाहिराती झळकल्या. बोलीत ‘ऑपरेशन’ मागे पडलं, ‘केस लावून घेणं’ रूढ झालं, आणि कागदावर आलं ‘प्रोसिजर’. हा शब्दबदल वरवरचा नव्हता. शस्त्रक्रिया म्हटलं की ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ, सर्जन हे ओघाने येतं. प्रोसिजर म्हटलं की ती सलूनच्या वरच्या मजल्यावरही होऊ शकते. दोन-चार महिने एखाद्या केंद्रात हात बसलेला चलाख मुलगा स्वतःचं केंद्र थाटू शकतो. तसं झालंही. हजारो छेद, भुलीच्या औषधाची मोठी मात्रा आणि दिवसभराचं काम तेच राहिलं, फक्त त्याला दुसरं नाव मिळालं.

२०१६ मध्ये चेन्नईत २२ वर्षांचा वैद्यकीय शाखेचाच विद्यार्थी केशरोपणानंतर दगावला. ते केंद्र रुग्णालय नव्हतं. २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला. एका बैठकीत त्याला ९,००० च्या आसपास ग्राफ्ट लावल्याचं समोर आलं. दिल्लीत २०२१ मध्ये अशाच एका मृत्यूनंतर प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि या केंद्रांवर नियंत्रण हवं असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं.

सप्टेंबर २०२२ मध्ये वैद्यकीय क्षेत्राच्या राष्ट्रीय नियामकाने मार्गदर्शक सूचना काढल्या. सार असं: केशरोपण करणाऱ्याने शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण घेतलेलं असावं, म्हणजे तो प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ असावा, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकणं पुरेसं नाही, आणि गुंतागुंत झाली तर ती हाताळायची सोय जागेवर असावी. यूट्यूबचं नाव नियमात घालायची वेळ यावी, यावरून परिस्थिती किती बिघडली होती ते कळतं.

तीन महिन्यांतच, डिसेंबर २०२२ मध्ये, दंतवैद्यकाच्या नियामकाने आपलं परिपत्रक काढलं: मुख व जबडा शस्त्रक्रियेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले दंतवैद्य चेहऱ्याच्या सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केशरोपण करू शकतात. इथून वाद पेटला. त्वचारोगतज्ज्ञांचं म्हणणं, डोक्याची त्वचा आणि केसांचे आजार हा त्यांचा विषय आहे, दाताच्या डॉक्टरांचा नाही. जबड्याच्या सर्जनांचं म्हणणं, डोक्या-चेहऱ्यावर भूल देऊन कापायचं आणि शिवायचं प्रशिक्षण आम्हाला जितकं मिळतं तितकं कित्येक त्वचारोगतज्ज्ञांना मिळत नाही. मला दोन्ही बाजूंत थोडं तथ्य दिसतं. चाई, बुरशी किंवा मुळं कायमची जाळणारे दाहाचे आजार ओळखायला त्वचारोगतज्ज्ञच हवा, कारण अशा डोक्यावर केस पेरले तर ते वाया जातात. पण भुलीच्या औषधाने रुग्णाला झटके आले तर ते सांभाळायची सवय हवी. पुढे २०२५ मध्ये कानपूरला केशरोपणानंतर दोघांचा मृत्यू झाल्याच्या तक्रारींवरून एका दंतवैद्यावर गुन्हा दाखल झाला आणि वाद आणखी कडवट झाला.

पदवीच्या या भांडणात दोन गोष्टी बाजूला पडल्या याचं मला वाईट वाटतं. पहिली म्हणजे मदतनीस. दारावरच्या पाटीवर योग्य पदवीच्या डॉक्टरांचं नाव असतं, ते सकाळी येऊन कपाळावर मार्करने रेष आखतात आणि दुसऱ्या शाखेत निघून जातात. पंच उरलेल्या माणसांच्या हातात राहतो. दुसरी म्हणजे ग्राफ्ट हा शब्द. ग्राफ्ट म्हणजे केस नव्हे. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. ‘५,००० केस’ आणि ‘५,००० ग्राफ्ट’ यात दुपटीहून जास्त फरक पडू शकतो. दर मात्र ग्राफ्टवर लागतो, म्हणून एका दिवसात जास्तीत जास्त ग्राफ्ट काढायचा मोह केंद्राला होतो आणि एकाच रजेत सगळं उरकायचा मोह रुग्णाला. ग्राफ्ट वाढले की भुलीच्या औषधाची मात्रा वाढते, आणि ती वजनाच्या हिशेबाने एका मर्यादेपलीकडे देता येत नाही. दोन-तीन हजारांवर थांबून उरलेलं काही महिन्यांनी करणं हा जुना, सावध रिवाज आहे.

दुकानातल्या बाटल्यांबद्दल थोडक्यात. भारतातल्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांना ‘जे’ नावाची अनुसूची आहे. ज्या आजारांवर औषध गुणकारी असल्याचा दावा करता येत नाही, त्यांची ही यादी. तिच्यात टक्कल आहे, आणि नवे केस उगवणंही आहे. जाहिराती ‘केसगळती’वर बोलतात आणि खाली बारीक अक्षरांत ‘तुटण्यामुळे होणारी’ असं लिहितात, ते या पार्श्वभूमीवर वाचावं. माक्याचं तेल, जास्वंद, खोबरेल यांनी केस मऊ राहतात, तुटणं कमी होतं. आक्रसलेलं मूळ त्यांनी परत मोठं होत नाही. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत बायका-पुरुष-मुलं सगळ्यांचे केस काही दिवसांत जायला लागले, तेव्हाही लोकांनी आधी शाम्पू आणि पाण्यालाच दोष दिला. पुढे चर्चा गव्हातल्या सेलेनियमपर्यंत गेली. तो पुरुषी टकलाचा प्रकारच नव्हता, पण त्या महिन्यांत माझ्या ओळखीतल्या तीन-चार तरुणांनी आपल्या कपाळाच्या कोपऱ्यांचा संबंध त्याच्याशी जोडला होता.

माझ्या मावसभावाने २३ व्या वर्षी पुढची रेष भरून घेतली. छान दिसत होती. पण गोळी घ्यायची नाही असं त्याने ठरवलं होतं, आणि पेरलेल्या केसांच्या मागचे त्याचे स्वतःचे केस जातच राहिले. आता तो पस्तिशीचा आहे; पुढे दाट पट्टा, त्यामागे मोकळी जागा, मग बाजूचे केस. डोक्याच्या मागून आयुष्यभरात मिळून साधारण ६,००० ते ८,००० ग्राफ्टच काढता येतात. त्याचे निम्म्याहून अधिक पहिल्याच बैठकीत गेले होते. परवा तो दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला, तेव्हा त्यांनी मागचं डोकं भिंगाखाली बराच वेळ पाहिलं आणि किती शिल्लक आहेत ते कागदावर लिहून दिलं.