गोव्याच्या परसात हरभरा का रुसतो

चण्याचे तोणक असो वा सणावाराचे मणगणे, गोव्याच्या स्वयंपाकघरात हरभऱ्याला मान कमी नाही. परसात मात्र तो क्वचितच दिसतो. भात कापून झाल्यावर उरलेल्या ओलीवर अळसांदे (गोव्याची टपोरी चवळी) सहज येतात, मग त्यांच्याच कुळातला हरभरा का येऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे खापर बहुधा उष्म्यावर फोडले जाते. माझ्या मते हा आरोप अर्धाच खरा आहे.

मी परसात लावलेल्या पहिल्या हरभऱ्याची रोपे महिनाभरात पिवळी पडली. एक रोप उपटून धुतले तेव्हा मुळांवर एकही गाठ नव्हती. शेंगवर्गीय पिके हवेतील नत्र स्वतः बांधू शकत नाहीत. ते काम मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम गटातील जिवाणू करतात, आणि हरभरा या सोबत्यांच्या बाबतीत फार चोखंदळ आहे. अळसांद्यांच्या मुळांत नांदणारे जिवाणू त्याला चालत नाहीत. ज्या मातीत हरभरा कधी पिकलाच नाही, तिथे त्याचे स्वतःचे जिवाणू सहसा नसतात किंवा फार थोडे असतात. म्हणून पेरणीपूर्वी हरभऱ्यासाठीचेच जिवाणू संवर्धक गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळावे आणि बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. पाच आठवड्यांनी एखादे रोप हळुवार काढून त्याच्या मुळावरची गाठ नखाने चिरून पाहावी: आत गुलाबी रंग दिसला तर काम सुरू आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचाच हा नातलग गाठीतला प्राणवायू मोजूनमापून पुरवतो, कारण नत्र बांधणारे विकर (एन्झाइम) मोकळ्या प्राणवायूत निकामी होते. गाठ आतून पांढरी वा हिरवट असेल, तर ती नुसती शोभेची.

दुसरी अडचण जांभ्यापासून बनलेल्या आपल्या लाल मातीची. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस तिच्यातले कॅल्शियम धुऊन नेतो आणि माती आम्लधर्मी होते. अशा मातीत जिवाणू नीट तगत नाहीत. शिवाय नत्र बांधणाऱ्या त्या विकराला लागणारे मॉलिब्डेनमही आम्ल मातीत मुळांच्या हाती लागत नाही. पेरणीआधी दोन-तीन आठवडे दर चौरस मीटरला सुमारे 200 ग्रॅम शेतीचा चुना, कळीचा नव्हे, मातीत मिसळावा. खाजनालगतच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांजवळच्या, खारट जमिनीत मात्र हा खटाटोप करू नये, कारण क्षार हरभऱ्याला मुळीच सोसत नाहीत.

आता उष्म्याकडे येऊ. हरभऱ्याचा रानटी पूर्वज आग्नेय तुर्कस्तानातला, त्यामुळे थंडीत वाढून उन्हाळ्यापूर्वी आटोपणे हा त्याचा स्वभाव आहे. फुलोऱ्यात असताना दिवसाचे तापमान 35 अंशांपुढे गेले, की परागकण निकामी होऊ लागतात. परागकण झेलणारी कुक्षी त्यांच्यापेक्षा काटक असते, पण एकटीने घाटा, म्हणजे हरभऱ्याची शेंग, धरत नाही. गोव्यात डिसेंबर-जानेवारीचे दिवस साधारण 32-33 अंशांवर राहतात, म्हणजे मर्यादेच्या आत, पण जेमतेम. पाऊस खरोखर थांबल्यावर, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी झाली तर लवकर येणाऱ्या वाणाला डिसेंबरच्या उत्तरार्धात फुले येतात आणि फेब्रुवारीत सारे आटोपते. त्यासाठी देशी, कमी दिवसांचे वाण घ्यावे. इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेच्या संशोधनातून आलेले ‘जेजी 14’ उष्मा सोसण्यासाठीच ओळखले जाते. टपोऱ्या काबुलीचा मोह टाळलेला बरा.

बी पाच-सहा सेंटिमीटर खोल पेरावे, दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावे. पाण्याबाबत हात आखडता हवा. रोज शिंपडलेल्या पाण्याने रोप नुसते पाल्यात रमते आणि मर रोगाची बुरशी सोकावते. फुले येण्याआधी एकदा आणि घाटे भरताना एकदा भरपूर पाणी दिले, की वाफ्यातल्या पिकाला सहसा पुरते. कुंडी लवकर सुकते, तिथे मातीत बोट खुपसून पाहावे आणि मगच पाणी द्यावे.

पहाटे पानांवरून हात फिरवला, तर बोटे चिकट आणि चवीला आंबट लागतात. पानांवरच्या सूक्ष्म केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरते. घाटावरचे शेतकरी रात्री पिकावर धोतर पसरून दवासह गोळा करतात ती ‘आंब’ हीच. यातले ऑक्झॅलिक आम्ल घाटे अळीची वाढ मंदावते, पण तिला थांबवत नाही. घाट्यावर वाटोळे भोक आणि त्यातून अर्धी बाहेर आलेली हिरवी अळी दिसली, की ती हाताने वेचणे हाच घरच्या बागेतला उपाय.

एका रोपाला मिळून मूठभर दाणे, प्रत्येक घाट्यात एक किंवा दोन, एवढीच अपेक्षा ठेवावी. म्हणूनच मी वाळवणाची वाट पाहत नाही: महिन्याच्या रोपांचे शेंडे खुडून भाजी करतो, त्याने फांद्याही वाढतात, आणि घाटे हिरवे असतानाच सोलाणे काढतो. बियाण्यासाठी दोन-तीन रोपे तेवढी वाळू द्यावीत. हरभऱ्याचे परागीभवन फूल उमलण्याआधी कळीतच होत असल्याने शेजारच्या वाफ्यात दुसरे वाण असले तरी बियाणे सहसा शुद्ध राहते.