लहानपणचा छळ आणि मोठेपणीची स्मरणशक्ती: हा वाद आला कुठून

लहानपणी मारझोड, लैंगिक अत्याचार किंवा कायमची हेळसांड सोसलेली बरीच माणसं सांगतात की शाळेतली वर्षंच्या वर्षं आठवत नाहीत, आणि वर रोजच्या साध्या गोष्टीही डोक्यात राहत नाहीत. खरं तर हे दोन वेगळे प्रश्न. छळ आठवतो का हा एक आणि एकूण स्मरणशक्तीचं काय होतं हा दुसरा, पण पहिल्यावरच्या भांडणात दुसरा कितीतरी वर्षं मागे पडला आणि त्याचा भुर्दंड छळ सोसलेल्यांनीच भरला असं मला वाटतं.

सुरुवात १८९६ ची, व्हिएन्ना. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने १८ पेशंटच्या आधारावर मांडलं की हिस्टेरियाच्या मुळाशी लहानपणचे लैंगिक अत्याचार असतात आणि त्यांची आठवण मनात दाबली जाते. पुढच्याच वर्षी मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगून टाकलं की माझा यावर विश्वास राहिला नाही, आणि मग अशा आठवणी म्हणजे पेशंटच्या मनाचे खेळ, हेच बराच काळ चालत राहिलं. घरातच मुलांची हाडं मोडली जातात हे अमेरिकन डॉक्टरांपुढे ठणकावून मांडणारा हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांचा पेपर यायला १९६२ उजाडलं.

मोठा भडका १९९० च्या दशकात. थेरपीत, कधी संमोहनाखाली 'परत आलेल्या' आठवणींवरून अमेरिकेत कोर्टकचेऱ्या झाल्या. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टसने १९९५ मध्ये दाखवलं की लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची न घडलेली गोष्ट घरच्यांच्या मदतीने सांगितली तर २४ पैकी साधारण पाव लोकांना ती पूर्ण किंवा अर्धवट 'आठवते'. पण त्याच्या आदल्याच वर्षी लिंडा विल्यम्सचा अभ्यास आला होता. १९७० च्या दशकात अत्याचारानंतर हॉस्पिटलात आणलेल्या मुली, केसपेपरवर सगळी नोंद, त्यातल्या १२९ जणींना १७ वर्षांनी गाठून विचारलं तर ३८ टक्के जणींनी तो प्रसंग सांगितलाच नाही. मला दोन्ही खरं वाटतं, खोटी आठवण रुजवता येते आणि खरी घटना आठवणीतून निसटूही शकते, पण त्या काळात जो तो आपापली बाजू धरून बसला.

तोवर दुसऱ्या प्रश्नावर शांतपणे काम चालू होतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ब्रेम्नरच्या टीमने छळ सोसलेल्या मोठ्या माणसांच्या चाचण्या घेतल्या, ऐकलेला मजकूर थोड्या वेळाने परत सांगणं त्यांना जड जात होतं. १९९७ मध्ये एमआरआयवर १७ जणांचा डावा हिप्पोकॅम्पस तुलनेच्या गटापेक्षा १२ टक्के लहान दिसला, म्हणजे मेंदूतला नवीन आठवणी बनवायला लागणारा भागच. तणावाच्या हार्मोनने तो झिजतो असं सगळे म्हणायला लागले. मग २००२ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या मानसिक धक्क्यातून न सावरलेल्या सैनिकांच्या जुळ्या भावांचे स्कॅन आले, युद्धावर न गेलेल्या भावाचाही हिप्पोकॅम्पस लहानच, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे सोपं राहिलं नाही. २०१७ चा ब्रिटन आणि न्यूझीलंडच्या मुलांचा अभ्यासही तेच सांगतो, की छळ झालेल्यांची बुद्धीच्या चाचण्यांतली पिछाडी बरीचशी गरिबीशी आणि आधीपासूनच्या कुवतीशी जोडलेली होती.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मार्क विल्यम्स आणि ब्रॉडबेंटचा १९८६ चा शोध. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या पेशंटना 'आनंद' सारखा एक शब्द द्यायचा आणि एखादा ठराविक प्रसंग सांगायला सांगायचं. बाकीचे सांगतात की अमक्या दिवशी अमक्याकडे गेलो होतो, पेशंट सांगतात 'फिरायला गेलो की बरं वाटायचं', दिवस नाही, जागा नाही, सगळं मोघम. १९९५ मध्ये कायकेन आणि ब्रूइनला नैराश्यातल्या बायकांमध्ये हेच लहानपणच्या लैंगिक अत्याचाराशी जोडलेलं दिसलं. तपशिलात गेलं की दुखतं म्हणून मन वरच्यावरच थांबायला शिकतं, असा एक अंदाज. आणि ते उलटं फिरवता येतं का हेही बघितलं गेलं, बेल्जियममध्ये राएस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नैराश्याच्या पेशंटना गटात बसवून शब्द देऊन नेमके प्रसंग आठवायचा सराव करून घेतला, आणि काही आठवड्यांतच त्यांच्या आठवणींत तपशील वाढले.