स्नायू बलाचं वेगळं खातं

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या सहावीच्या विज्ञानात बलाचे प्रकार म्हणून स्नायू बल, यांत्रिक बल, गुरुत्वीय, चुंबकीय, घर्षण आणि स्थितिक विद्युत बल ओळीने येतात. नववीत प्राण्यांच्या चार ऊती, म्हणजे एकच काम मिळून करणाऱ्या पेशींचे समूह, येतात. दोन्ही पुस्तकं पुण्यात तयार झालेली, एक 2016 चं आणि दुसरं 2017 चं. नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलत असताना एक जुना प्रश्न पुन्हा काढायला हरकत नाही: स्नायू बलाला गुरुत्वाकर्षणाच्या पंगतीला बसवायचं का?

ऊतींचा इतिहास साधारण 1801 पासून सांगतात. पॅरिसच्या एका तरुण शल्यवैद्याने शरीर 21 ऊतींत वाटलं आणि पुढच्याच वर्षी तिशीत त्याचा मृत्यू झाला. सूक्ष्मदर्शकावर त्याचा भरवसा नव्हता. अवयव उकळायचे, सुकवायचे, कुजवायचे, आम्लात टाकायचे आणि काय कसं विरघळतं ते बघायचं, अशी त्याची रीत. आपल्या मनाने हलणारे स्नायू आणि आपोआप हलणारे स्नायू त्याने वेगवेगळ्या ऊती म्हणून मोजले होते. आज ते एकाच स्नायू ऊतीचे पट्टकी (पट्टे दिसणारे) आणि अपट्टकी (पट्टे नसलेले) असे पोटप्रकार आहेत. 21 च्या चार कशा झाल्या, ती कथा सूक्ष्मदर्शकाची आणि पेशी सिद्धांताची. ती बहुतेकांना ठाऊक असते.

स्नायूला स्वतःचं बल बहाल झालं ते याच्याही आधी. स्नायू आखडताना मज्जातंतूंतून काहीतरी येऊन त्यात भरतं आणि तो फुगतो, अशी समजूत शतकानुशतकं होती. 1660 च्या दशकात हॉलंडमध्ये बेडकाचा स्नायू बंद नळीत ठेवून, नळीच्या बारीक टोकाशी पाण्याचा थेंब अडकवून तो आखडवला गेला. स्नायू फुगला असता तर थेंब वर सरकला असता. तो सरकला नाही. मग जोर येतो कुठून? 1752 मध्ये गटिंगेनच्या एका प्राध्यापकाने उत्तर दिलं की आखडणं हा स्नायूचा अंगभूत गुण आहे, आणि संवेदना हा मज्जातंतूंचा. कारण विचारू नका, असं सांगताना त्याने दाखला दिला तो गुरुत्वाकर्षणाचाच: तेही पदार्थाचा गुण म्हणून आपण मान्य करतोच ना, कारण माहीत नसताना! सहावीच्या यादीतली शेजारशेजारची मांडणी इतकी जुनी आहे. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या डोक्यात हा दाखला असेल असं मुळीच नाही, पण विचाराची जात तीच.

हे अंगभूत बल पुढच्या दोनशे वर्षांत हळूहळू हिशेबात बसवलं गेलं. 1847 मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध वाचणारा माणूस तेव्हा प्रशियाच्या सैन्यात डॉक्टर होता आणि त्याची सुरुवात बेडकाच्या स्नायूतल्या उष्णतेपासून झाली होती. स्नायूला खास ‘जीवनशक्ती’ लागत असेल तर जमाखर्च जुळत नाही, हा त्याचा मुद्दा. 1850 मध्ये त्यानेच मज्जातंतूतल्या संदेशाचा वेग मोजला. तो सेकंदाला 27 मीटरच्या आसपास निघाला.

खरा निकाल लागला मे 1954 मध्ये. एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात, स्वतंत्रपणे काम केलेल्या दोन जोड्यांचे निबंध लागोपाठ छापले गेले. दोघांचं म्हणणं एकच होतं. स्नायू आखूड होतो, पण त्यातले तंतू आखूड होत नाहीत. ॲक्टिन या प्रथिनाचे पातळ तंतू मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाच्या जाड तंतूंच्या मधून सरकतात. मायोसिनची डोकी, म्हणजे त्याच्या रेणूंची बाहेर आलेली टोकं, एटीपी हे पेशीतलं इंधन खर्चून त्यांना ओढतात. 1994 मध्ये लेसरच्या चिमट्याने एका डोक्याची ओढ मोजली गेली, ती तीन-चार पिकोन्यूटन. एक पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग. एक किलो साखरेची पिशवी नुसती तोलून धरायला 9.8 न्यूटन लागतात. सरळ भागाकार केला तर एका वेळी अडीच लाख कोटी डोकी ओढायला हवीत. त्यात दंडाचा स्नायू कोपरापासून चार-पाच सेंटिमीटरवर जोडलेला आणि पिशवी तीस-पस्तीस सेंटिमीटरवर, म्हणून प्रत्यक्षात सात-आठ पट. आणि या प्रत्येक डोक्याचं धरणं-सोडणं हा अखेर विद्युतभारांचा खेळ. निसर्गाच्या चार मूलभूत बलांत ते विद्युतचुंबकीय बलाच्या खात्यावर जमा होतं, घर्षणही तिथेच.

पुस्तकाची बाजूही समजून घ्यायला हवी. अकरा वर्षांच्या मुलाला बल पहिल्यांदा कळतं ते स्वतःच्या हातात, अणूच्या केंद्रकात नव्हे. यादी सोपी आहे म्हणून तक्रार नाही. तिच्यात निकषांची खिचडी आहे, आणि ते कुठे सांगितलेलं नाही. स्नायू आणि यांत्रिक ही नावं बल कोण लावतं यावरून, घर्षण हे कुठे उद्भवतं यावरून, गुरुत्वीय हे स्वरूपावरून. आठवीतली संपर्क आणि असंपर्क बलांची विभागणी त्यापेक्षा कितीतरी चोख आहे, पण तोवर सहावीची यादी डोक्यात पक्की झालेली असते. मूलभूत बलं भेटतात ती थेट अकरावीत, तीही इंग्रजीतून.

पुण्यात कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून किंवा कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडून कोंबडीचा एक पाय मागून घ्या. तोडलेल्या टोकाशी पांढऱ्या दोऱ्या दिसतात. त्यातली एक चिमटीत धरून ओढली की बोटं मिटतात. त्या दोऱ्या म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या स्नायुरज्जू, संयोजी (जोडणाऱ्या) ऊती. त्यांना ओढणारा कोंबडीचा स्नायू वरच राहिला, ओढता आहात तुम्ही. पायाला फरक पडत नाही, कारण त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त ताण.

पुण्यात ऊती हा शब्द 1986 साली एका राष्ट्रीय संस्थेच्या नावातच आला. प्राण्यांच्या ऊती आणि पेशी वाढवून देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवणं हे तिचं काम. पुढे नावात पेशी तेवढी उरली. गणेशखिंडीच्या विद्यापीठ आवारात ती आज आहे, आणि त्याच आवारात गुरुत्वाकर्षणाचा अभ्यास करणारी दुसरी संस्था. दोन विषयांची पुस्तकं मात्र एकमेकांशी बोलत नाहीत.

ती बोलायला हवीत असं संशोधनच सांगतं. 2006 मध्ये एकाच प्रकारच्या मूलपेशी, म्हणजे अजून कोणत्याही एका ऊतीच्या न झालेल्या पेशी, वेगवेगळ्या ताठरपणाच्या जेलवर वाढवल्या गेल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वळणाने गेल्या, स्नायूइतक्या घट्ट जेलवर स्नायूच्या, त्याहून कडक जेलवर हाडाच्या. खालचा पृष्ठभाग ओढून पाहून पेशी हे ठरवत होत्या. 2010 मध्ये पेशीच्या आवरणातली, दाब पडला की उघडणारी प्रथिनं सापडली आणि 2021 च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. बल ऊतीतून निघतं एवढंच अर्धं चित्र सहावीच्या यादीत आहे. ऊती कोणती होणार हेही काही अंशी बलावर ठरतं, हे दुसरं अर्धं दोन्ही पुस्तकांच्या मधल्या फटीत राहून गेलं आहे.